भिंतीवर कोणता महाराष्ट्र?

नाशिकच्या इंदिरानगरात नवा फ्लॅट सजवताना हॉलच्या किंवा मुलांच्या खोलीच्या भिंतीसाठी महाराष्ट्राच्या इतिहासाची पोस्टरे घ्यायची म्हटली, तर बाजारातला संच ठरलेला असतो: रायगड, अजिंठ्याचा पद्मपाणी, गेटवे ऑफ इंडिया, बोरीबंदरची इमारत. आपल्या राज्याचा इतिहास घरात रोज डोळ्यांसमोर असावा ही इच्छा मला मोलाची वाटते. पण या वस्तीपासून काही मिनिटांवर त्रिरश्मी डोंगर आहे, त्यात पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी चोवीस लेणी आहेत आणि या संचांत ती सहसा नसतात. भिंतीवरच्या इतिहासाची सुरुवात तिथून व्हावी, आणि नुसत्या देखाव्याऐवजी पुराव्याच्या चित्राने व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

भिंतीसाठी इतिहास छापण्याची मराठी परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली. तिथून देवादिकांच्या चित्रांबरोबर शिवाजी महाराज, नाना फडणवीस यांची शिळाछापाची रंगीत चित्रेही घरोघरी गेली. पारतंत्र्यात ती शोभेपुरती नव्हती; गमावलेल्या राज्याची आठवण जागी ठेवणे हे त्यांचे काम होते. नाशिकचा या छपाईशी थेट संबंध आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम करत होते. त्यांचे स्मारक आज याच लेण्यांच्या पायथ्याशी आहे. स्वतंत्र भारताने 15 ऑगस्ट 1949 रोजी पुरातत्त्वीय वास्तूंची टपाल तिकिटे काढली, तीही नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली. अजिंठा आणि घारापुरीची त्रिमूर्ती त्यांवर होती. देशाचा वारसा कागदावर आणून घरोघर पोहोचवणारे हे शहर स्वतःच्या डोंगराबाबत मात्र मागे राहिले.

त्या डोंगरात आहे तरी काय? दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे बांधलेल्या धर्मशाळा, तापी आणि डहाणूच्या नदीसह अनेक नद्यांवर ठेवलेल्या फुकट नावा यांची त्यात नोंद आहे. एक लेख तर चक्क ठेवपावती आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहावा: वर्षाचे व्याज 240 आणि वाटपही 240. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या परिसरातल्या विणकरांच्या संघटनेवर राजघराण्याने कायमची ठेव सोपवावी इतकी तिची पत होती. त्या काळच्या महाराष्ट्राचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचे पराक्रम सांगते. त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद केला. अश्मक, मुलक, अपरान्त, विदर्भ त्याच्या सत्तेखाली होते, आणि त्यांच्या जोडीला सौराष्ट्र व माळव्याचा प्रदेशही. या विजयाचा दुसरा साक्षीदार नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभीला 1906 मध्ये सापडला: नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा, आणि त्यांपैकी बहुतेकांवर सातकर्णीने पुन्हा मारलेला आपला ठसा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भिंत म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. मुलांना स्फूर्ती हवी, व्याजाचे दर नव्हे. स्फूर्ती हवीच. पण चित्र पुराव्यावर उभे नसेल तर काय होते, हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांच्या कामाने दाखवून दिले आहे. त्यांनी 1933 मध्ये शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे आणले, तोवर भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून चालत होते. महाराजांविषयीची भक्ती त्या काळीही खरीच होती, पण चेहरा दुसऱ्याचा होता. संशोधनाने भक्ती उणावली नाही, तिला खरा चेहरा मिळाला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रत्येक उपनगर आपापला डोंगर भिंतीवर लावू लागले तर राज्याचे एक चित्र कसे उरेल? त्याचे उत्तर लेखांतच आहे. उषवदात शक होता, त्याच्या दानांचा विस्तार गुजरात-माळव्यापर्यंत होता, आणि सातकर्णीचा प्रदेश 1 मे 1960 रोजी आखलेल्या राज्याच्या सीमांत मावत नाही. स्थानिक शिळेपासून सुरुवात केली तर नकाशा आकसत नाही, उलट विस्तारतो.

गडांना भिंतीवरून उतरवा, असे मी म्हणत नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यांत बागलाणचा साल्हेर आहे. 1672 मध्ये मराठ्यांनी मुघलांना मोकळ्या मैदानात हरवले ते याच्याच पायथ्याशी. नाशिककराच्या खोलीत रायगडाशेजारी साल्हेर हवाच. पण त्याच्या जोडीला तो ठेवीचा लेखही हवा, ब्राह्मी अक्षरांत जसाच्या तसा, खाली मराठी अर्थासह. त्यासाठी नवे काही शोधायला नको. एमिल सेनार यांनी नाशिकच्या लेखांचे वाचन ठशांच्या चित्रांसह 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात छापले, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. ती पाने ग्रंथालयांत आहेत. शहरातल्या एखाद्या मुद्रकाने आणि लिपी जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाने एकत्र बसून हे पोस्टर येत्या दिवाळीपर्यंत काढावे.