हृदयाचा जन्मदोष

मुलांनो, आपली मूठ मिटून पाहा. साधारणपणे तेवढ्याच आकाराचे आपले हृदय दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा धडधडते. त्याला चार कप्पे असतात. उजवीकडील कप्पे शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे धाडतात. डावीकडील कप्पे प्राणवायूने युक्त असे शुद्ध रक्त शरीरभर पोहोचवितात. मधल्या पडद्यामुळे ही रक्ते एकमेकांत मिसळत नाहीत.

मूल आईच्या पोटात असताना पहिल्या आठ आठवड्यांतच हृदयाची ही घडण बहुतांशी पुरी होते. क्वचित तीत काही उणे राहते. कोठे पडद्यास छिद्र असते, कोठे एखादी झडप अरुंद असते. यासच जन्मजात हृदयदोष म्हणतात. दर हजार नवजात बालकांमागे सुमारे आठ-नऊ बालकांत तो आढळतो.

पुष्कळशी लहान छिद्रे आपोआप बुजतात. छिद्र मोठे असेल, तर बालक दूध पितानाच थकते. त्याचे वजन वाढत नाही. काही दोषांत अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते व ओठ आणि नखे निळसर दिसतात. असे मूल खेळता खेळता मध्येच उकिडवे बसते. तो आळस नव्हे! तसे बसल्याने फुप्फुसांकडे अधिक रक्त जाते व त्यास बरे वाटते.

गरोदरपणी आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असे म्हणणारे लोक आजही भेटतात. परंतु ग्रहण हा केवळ सावल्यांचा खेळ आहे. त्याने कोणाच्या हृदयास छिद्र पडत नाही. गरोदरपणी रुबेलासारखा आजार झाल्यास असा दोष उद्भवू शकतो. पण बहुधा निश्चित कारण सापडतच नाही. मग मातेस दूषण देणे हा अन्याय नव्हे काय? शिवाय दूषणाच्या भीतीने दोष लपविला, तर उपचारांची वेळ निघून जाते.

निळसर पडणाऱ्या बालकांसाठी आशेची वाट अमेरिकेतील बाल्टिमोर येथे उघडली. डॉ. हेलन टॉसिग यांना ऐकू कमी येई. म्हणून त्या बालकाच्या छातीवर बोटे टेकून हृदयाची चाल ओळखीत. त्यांची कल्पना, विवियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाचे प्रयोग आणि डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे कौशल्य यांच्या बळावर २९ नोव्हेंबर १९४४ रोजी एका चिमुकल्या बालिकेवर शस्त्रक्रिया झाली. आज तर काही छिद्रे छाती न उघडता, पायाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून बुजविता येतात.

मात्र दोष वेळेवर कळला पाहिजे. यासाठी ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या राज्यात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथकाने शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा येऊन मुलांना तपासावयाचे असते. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटासारख्या गावी एक अडचण असते. या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस दूरदेशी जातात. बरोबर गेलेल्या मुलांची तपासणी त्यामुळे चुकू शकते. असा सोबती गावी परतला, की गुरुजींना आठवण द्या. एवढ्याशा आठवणीनेही एखाद्याचे प्राण वाचतील.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे सारे संपले असे नाही. ते मूल मोठे होते, शिकते, नोकरी-व्यवसाय करते, संसारही करते. पण त्याने जन्मभर डॉक्टरांकडे वेळोवेळी जावे लागते. दातही स्वच्छ ठेवावे लागतात. कारण दातांतील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत जाऊ शकतात.

आपल्या वर्गात असा सोबती असेल, तर त्याला चिडवू नका आणि त्याची कीवही करू नका. किती खेळावे हे डॉक्टर सांगतील; पण खेळात घ्यावे की नाही, हे तुमच्या हाती आहे. तो धावू शकत नसेल, तर त्याला पंच करा. तो दमला, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा. हृदयाचे छिद्र डॉक्टर बुजवितील. मनातील एकटेपण मात्र सोबत्यांनीच बुजवावयाचे असते.