घरच्या छतावरील सौर वीज : खरा हिशेब मीटरमध्ये

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या बाजारपेठेतील गप्पांत एक नवा विषय आला आहे. कापसाचे भाव आणि सुताची तेजी-मंदी यांच्या जोडीला आता घराच्या छतावरील सोलर प्लेटांची चर्चा होते. केंद्र सरकारने २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली. तिच्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान ठेवले आहे. त्यामुळे चौकशी वाढली. पण जो तो प्लेट कोणत्या कंपनीची, किती वॅटची, किती वर्षांच्या हमीची एवढेच विचारतो. मीटर कोणता बसणार आणि बिल कोणत्या पद्धतीने होणार, हे विचारणारा शंभरात एखादाच. वास्तविक प्लेट फक्त माल तयार करते. त्या मालाचा भाव मीटर ठरवतो. सबब या लेखात आम्ही मीटर आणि बिलाचा खुलासा करीत आहोत.

मीटर किती आणि कशासाठी?

साध्या घरी एकच मीटर असतो आणि तो बाहेरून आत आलेली वीज मोजतो. सौर यंत्रणा बसली की वीज दोन्ही दिशांनी वाहू लागते. दुपारी घरात वापर कमी आणि छतावर निर्मिती जास्त असते, तेव्हा उरलेली वीज कंपनीच्या तारेत जाते. संध्याकाळी उलट होते. म्हणून जुन्या मीटरच्या जागी नेट मीटर बसवतात. त्यात आत आलेल्या युनिटांचा आकडा वेगळा आणि बाहेर गेलेल्या युनिटांचा वेगळा राहतो. पडद्यावर ते 'इम्पोर्ट' आणि 'एक्स्पोर्ट' या नावांनी दिसतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एकाच वहीत नावे आणि जमा अशी दोन पाने.

दुसरा असतो निर्मिती मीटर. तो इन्व्हर्टरनंतर बसतो आणि प्लेटांनी एकूण किती युनिटे तयार केली ते सांगतो. तो असला तरच पुरा हिशेब लागतो, कारण जी वीज छतावरून उतरून थेट घरातल्या पंख्यात किंवा फ्रिजमध्ये खर्च झाली ती नेट मीटरला दिसतच नाही. सूत्र सोपे आहे. निर्मितीतून एक्स्पोर्ट वजा करावा आणि त्यात इम्पोर्ट मिळवावा. जो आकडा येतो तो घराचा एकूण वापर होय.

एक इशारा येथेच देतो. नेट मीटर बसण्याआधी यंत्रणा कधीही चालू करू नये. आपल्याकडील पुष्कळ इलेक्ट्रॉनिक मीटर चोरी रोखण्यासाठी असे बनवलेले असतात की वीज उलट दिशेने गेली तरी ती वापर म्हणूनच नोंदवली जाते. आमच्या बाजारातील एका दुकानदाराच्या घरी ठेकेदाराने "मीटर येईल तेव्हा येईल" म्हणून बटण दाबून दिले. आपण कंपनीला वीज देतो आहोत अशा समजुतीत ते राहिले आणि दिलेल्या विजेचेच बिल त्यांच्या हाती पडले.

तीन प्रकारचे हिशेब

केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यात हिशेबाच्या पद्धती स्पष्ट केल्या आहेत.

पहिली नेट मीटरिंग. यात युनिटाच्या बदल्यात युनिट मिळते. तागा दिला, तागा घेतला. मध्ये भावाचा प्रश्न नाही. महिन्याला एक्स्पोर्ट जास्त झाला तर शिल्लक युनिटे पुढच्या बिलात ओढली जातात. आर्थिक वर्ष संपताना जी उरतील त्यांचे पैसे आयोगाने ठरवलेल्या दराने होतात, आणि तो दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. याच दुरुस्तीनुसार ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत ग्राहकाला नेट मीटरिंग मिळते. म्हणजे घरगुती ग्राहक या हक्कात येतो.

दुसरी नेट बिलिंग. यात युनिटे नव्हे, रुपये वजा होतात. आपण घेतलेली वीज किरकोळ भावाने आणि दिलेली वीज ठोक भावाने.

तिसरी ग्रॉस मीटरिंग. यात सगळी निर्मिती कंपनीला विकायची आणि घरचा सगळा वापर कंपनीकडून विकत घ्यायचा. दोन्ही खाती अलग.

आता आकड्यांत पाहू. तीन किलोवॅटची यंत्रणा आपल्या भागात सरासरी दिवसाला १२ युनिटे, महिन्याला सुमारे ३६० युनिटे देते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. समजा त्यातली १०० घरात थेट खर्च झाली, २६० बाहेर गेली आणि संध्याकाळ-रात्र मिळून २४० आत आली. नेट मीटरिंगमध्ये २० युनिटे उलट शिल्लक राहतील आणि स्थिर आकाराशिवाय फारसे काही भरावे लागणार नाही. नेट बिलिंगमध्ये खरेदी ८ रुपयांनी आणि विक्री ३ रुपयांनी धरली, तर १,९२० रुपयांतून ७८० वजा जाऊन १,१४० भरावे लागतील. (हे दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) तीच प्लेट, तेच ऊन, तेच घर, फक्त वही लिहिण्याची पद्धत बदलली.

वेळेनुसार भाव

यापुढचा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. वीज साठवून ठेवणे कठीण, म्हणून तिचा भाव दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो. यंत्रमाग आणि कारखाने चालवणाऱ्या आमच्या वाचकांना हे नवे नाही. महावितरणच्या जुन्या रचनेत मोठ्या कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटामागे दीड रुपया सूट असे आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत १ रुपया १० पैसे जादा पडत. सबब कारखानदार रात्रपाळी पसंत करीत.

आता वारे फिरले आहे. देशात सौर वीज वाढल्याने दुपारी माल मुबलक असतो आणि सूर्य मावळताच टंचाई होते. केंद्राने १४ जून २०२३ रोजी नियमांत बदल करून सांगितले की सौर तासांत, म्हणजे आयोग ठरवील त्या दिवसाच्या आठ तासांत, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा. मागणीच्या ऐन वेळेत तो व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना किमान १.२० पट, इतरांना किमान १.१० पट असावा. दहा किलोवॅटवरील व्यापारी-औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती सोडून बाकी सर्वांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुद्दत नियमात घातली गेली; स्मार्ट मीटर असलेल्यांना तो बसताच हे दर लागू करावेत असेही म्हटले. स्मार्ट मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांचा वापर वेगळा नोंदवतो, म्हणून वेळेनुसार बिल करणे शक्य होते.

सौर यंत्रणा नसलेल्या घराला दुपारची सूट हा सरळ फायदा आहे. यंत्रणा असलेल्याने मात्र विचार करावा, कारण त्याचा माल नेमका स्वस्ताईच्या वेळेत तयार होतो आणि त्याची खरेदी महागाईच्या वेळेत होते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१५ आणि नंतर २०१९ च्या विनियमांत वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकासाठी तरतूद आहे. ज्या वेळेत निर्मिती झाली त्याच वेळेतल्या वापरातून ती आधी वजा करायची. जे उरेल ते स्वस्त वेळेतली निर्मिती समजायचे.

वरचेच उदाहरण घ्या. आत आलेल्या २४० युनिटांपैकी ३० दिवसा, १२० संध्याकाळी आणि ९० रात्री असे धरू. स्वस्त वेळेचे युनिट महाग वेळेतून वजा होत नसेल, तर दिवसाची ३० आणि रात्रीची ९० फिटतील. खात्यावर १४० युनिटे जमा असूनही संध्याकाळच्या १२० युनिटांचे पैसे भरावेच लागतील. ९ रुपये दर धरला तर १,०८० रुपये झाले. म्हणून आपल्या वर्गाला वेळवार वजावट लागू आहे किंवा नाही, हे आयोगाच्या चालू दर-आदेशातून तपासूनच ठेकेदाराचा "बिल शून्य" हा शब्द मान्य करावा.

कॅलिफोर्नियाचा दाखला

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य या वाटेवर आपल्यापुढे आहे. तेथे पूर्वी दुपारी बारा ते सहा ही महागाईची वेळ असे. सौर यंत्रणा असलेला ग्राहक दुपारी महाग वीज देई आणि रात्री स्वस्त घेई. वेळेनुसार मीटर त्याने हौसेने मागून घ्यावा असा तो काळ होता. पुढे छते भरली, दुपारची वीज स्वस्त झाली आणि महागाईची वेळ दुपारी चार ते रात्री नऊ अशी सरकली. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील आयोगाने निर्णय घेतला आणि १५ एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जदारांना युनिटास युनिट मिळणे बंद होऊन नेट बिलिंग आले. जुन्या ग्राहकांची अट मात्र त्यांच्या मुद्दतीपर्यंत कायम ठेवली. आज तेथे नवे ग्राहक प्लेटांबरोबर बॅटरी घेणे पसंत करतात. प्लेट पंचवीस वर्षे टिकते, दराची वेळ तितकी टिकेलच असे नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

वाचकांनी काय करावे?

पहिले, जेवढा वापर उन्हाच्या वेळेत नेता येईल तेवढा न्यावा. पाण्याची मोटर, धुलाई यंत्र, इस्त्री, गिझर आणि घरात शिलाई यंत्रे असतील तर तीही दुपारी चालवावीत. वरच्या उदाहरणात संध्याकाळची ६० युनिटे दिवसा नेली तर १,०८० चे ५४० होतात. नेट बिलिंग असेल तरी त्याच ६० युनिटांमागे ३०० रुपये वाचतात. रमजानमध्ये आपल्या घरांचा वापर इफ्तारनंतर आणि सहरीच्या वेळी वाढतो, आणि दोन्ही वेळी छतावर ऊन नसते. त्या महिन्याचा अंदाज वेगळा धरावा.

दुसरे, यंत्रणा गरजेपेक्षा मोठी घेऊ नये. वर्षअखेरीस उरलेली युनिटे कमी दराने जातात. मागील बारा बिलांची बेरीज करून मगच किलोवॅट ठरवावेत.

तिसरे, खाली दुकान आणि वर घर असेल तर जोडण्या दोन असतात. साध्या नेट मीटरचा हिशेब त्याच जोडणीपुरता राहतो, आणि अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे.

चौथे, वीज गेली की साधी सौर यंत्रणाही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षेसाठी ती तशीच बनवलेली असते. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीचा खर्च वेगळा धरावा.

पाचवे, व्याजाचे कर्ज टाळणाऱ्यांना हिशेब सोपा आहे. एकूण खर्चातून अनुदान वजा करून येणाऱ्या रकमेला वर्षाच्या खऱ्या बचतीने भागावे. ही बचत काढताना नेट मीटरिंगचा आणि वेळवार वजावटीचा असे दोन्ही आकडे लिहून काढावेत. दुसऱ्या आकड्यावरही व्यवहार परवडत असेल तर खुशाल पुढे जावे.

शेवटी तक्रारीबाबत. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार मीटरचा आकडा पटत नसेल तर ग्राहकाने लेखी तक्रार करावी. कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे आहेत. त्यासाठी दर महिन्याच्या एकाच तारखेला इम्पोर्ट, एक्स्पोर्ट आणि निर्मिती हे तीन आकडे घरच्या वहीत लिहून ठेवावेत. तक्रारीच्या वेळी ते दाखवता येतात.