फोंड्याचा पत्ता आणि कंटेनरचे नाव

फोंडाघाटच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे की, एकाच संगणकावर डॉकरच्या साहाय्याने दोन कंटेनर चालविले, त्यांपैकी डेटाबेसच्या कंटेनरला रोमन अक्षरांत 'कोठार' असे होस्टनेमही दिले, तरी दुसऱ्या कंटेनरला तो आकडी पत्त्यावर भेटतो आणि नावाने शोधला असता सापडत नाही, हे कसे?

हा प्रश्न फोंडाघाटहून यावा याचा मला विशेष आनंद वाटला. कारण दाजीपूरच्या घाटाखालचे हे गाव बोलण्यात नुसते 'फोंडा' असते आणि गोव्यातही एक फोंडा आहेच. अशा नामसाधर्म्याने टपालाची होणारी गफलत टळावी म्हणून, टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेली पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आली, आणि 416601 व 403401 या दोन फोंड्यांच्या वाटा दुसऱ्याच अंकापाशी वेगळ्या झाल्या. कोकणातच जन्मलेल्या या पुरुषाचे नाव आपल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असावयास हवे.

टपालात आकडा अढळ आणि नाव संदिग्ध. कंटेनरांच्या जगात नेमके उलट आहे. कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला की त्याचा आकडी पत्ता बदलू शकतो, म्हणून भिस्त नावावरच ठेवावी लागते आणि नावावरून आकडा सांगणारे दप्तर जवळ असावे लागते. आरंभी संगणकांच्या नावांची अशी एकच यादी अमेरिकेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीत राखली जाई. तो पसारा आवरेना, तेव्हा 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या मुलखाची नोंद राखण्याची, व्यवस्था रचली.

आता वाचकाची अडचण. होस्टनेम हे घरात हाक मारण्याच्या नावासारखे आहे. कंटेनर ते आपल्या 'होस्ट्स' फायलीत टिपून ठेवतो, परंतु डॉकरच्या मूळ 'ब्रिज' जाळ्यात शेजाऱ्याला ते कोणी कळवीत नाही. स्वतःचे निराळे जाळे निर्माण करून, कंटेनरचेच नाव 'कोठार' ठेवून, दोघांनाही त्यात घातले की 127.0.0.11 या पत्त्यावर डॉकरचा स्वतःचा डीएनएस हजर होतो. तो जाळ्यातील सगळ्यांना नावाने ओळखतो आणि अनोळखी नाव आले तरच बाहेर चौकशी करतो. सेटिंगमध्ये आपण जो डीएनएसचा पत्ता देतो तो या बाहेरच्या चौकशीसाठी. तेथे 'कोठारा'ची नोंद सापडावयाची नाही.

तूर्तास प्रोग्रॅममध्ये आकडाच लिहून काम भागविले, असेही वाचकाने कळविले आहे. तो त्याने आजच काढून टाकावा. कंटेनर पुन्हा उभे राहतील तेव्हा त्या आकड्यावर दुसराच कोणी बिऱ्हाड थाटून बसलेला असू शकतो.