मेंदूतला निळा ठिपका: पेशी मोजक्या, पण अख्ख्या डोक्याला जागे ठेवणाऱ्या

रात्रीची वेळ. खानापूरच्या जंगलातून दुचाकीवरून घरी निघालेल्या माणसासमोर अचानक गवा उभा राहतो. डोळ्यांवरची झापड क्षणात उडते, हात आपोआप ब्रेकवर जातो आणि ते दोन क्षण पुढे कित्येक वर्षे विसरता येत नाहीत. झोप उडवण्यात आणि प्रसंग मनावर कोरण्यात मेंदूतल्या एका छोट्याशा पेशीसमूहाचा मोठा वाटा असतो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन बनवणाऱ्यांचा सर्वात मोठा गट फक्त पन्नासेक हजारांचा, तोही डावी-उजवी बाजू धरून. मेंदू जिथे खाली पाठीच्या कण्याकडे निमुळता होतो, तिथे हा गट बसलेला असतो. वयानुसार या पेशींत एक गडद रंगद्रव्य साठत जाते आणि जागा निळसर दिसते. म्हणून तिचे लॅटिन नाव ‘लोकस सेरुलियस’, म्हणजे निळी जागा.

एवढ्याशा पेशी पुरतात कशा?

उत्तर त्यांच्या फांद्यांत आहे. एकेका पेशीचा तंतू फुटत-फुटत मेंदूभर पसरतो. वर विचार करणाऱ्या भागापर्यंत, मागे लहान मेंदूत, खाली मज्जारज्जूत. १९६४ मध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से या स्वीडनच्या संशोधकांनी असे रसायन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकवून दाखवल्या, तेव्हा हे जाळे पहिल्यांदा नीट समोर आले.

कच्चा माल साधा आहे. दूध, डाळ, अंडी यांतले टायरोसिन. त्यापासून आधी डोपा, मग डोपामाइन आणि शेवटी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. मात्र जास्त दूध प्यायले म्हणून डोके जास्त तल्लख होईल, असे नाही. माल किती बनवायचा हे मुख्यतः पेशीतले एन्झाइम ठरवते.

भरती गर्भातच

या पेशी मेंदूत सर्वात आधी तयार होणाऱ्यांपैकी आहेत. उंदराचा गर्भ जेमतेम दहा-बारा दिवसांचा असतानाच त्या जन्म घेतात. त्यासाठी ‘फॉक्स-टू-ए’ नावाचे जनुक लागते. ते काढून टाकलेल्या उंदरांत निळी जागा बनतच नाही, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. पुढे आयुष्यभर काम चालते ते मुख्यतः याच भरतीवर. पेशी वाढत नाहीत. बदलतात त्या त्यांच्या फांद्या आणि वागणूक.

जन्मानंतरचे पहिले दिवस वेगळेच असतात. उंदराच्या पिलाचे डोळे आणि कान बंद असतात, आई ओळखायची ती वासावरून. पहिले नऊ-दहा दिवस या पेशींना ब्रेक नसल्यासारखाच असतो. आईने चाटले की त्या बराच वेळ चालू राहतात आणि तिचा वास पक्का होतो. अमेरिकेतल्या रेजिना सुलिव्हन यांच्या प्रयोगांत याची दुसरी बाजूही दिसली. या दिवसांत नव्या वासासोबत सौम्य विजेचा झटका दिला, तरी पिलू त्या वासाकडेच ओढले गेले. भीती शिकवणारा भाग तेव्हा पुरता कामाला लागलेला नसतो. दहा दिवसांनंतर असाच झटका दिला, तर पिलू त्या वासापासून पळते. जपणारी असो वा दुखवणारी, तान्ह्या जिवाला जवळची म्हणून तीच व्यक्ती धरावी लागते. मार खाणारे मूल त्याच माणसाला का बिलगते, याचा एक धागा इथे सापडतो. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, एवढे ध्यानात ठेवायला हवे.

मोठेपणीही बदल

१९७६ मध्ये कासामात्सु आणि पेटिग्र्यू यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा बंद ठेवला. एरवी अशा वेळी मेंदू उघड्या डोळ्याच्या बाजूने वळतो. पण नॉरअ‍ॅड्रेनॅलिन घटवल्यावर तो वळलाच नाही. मग १९८६ मध्ये बेअर आणि सिंगर यांनी दाखवले की हे काम एकट्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे नाही, अ‍ॅसिटाइलकोलीनही त्यात भागीदार आहे. दोन्ही एकत्र घटली, तरच बदल थांबतो.

प्रौढ उंदरांत औषधाने या पेशींचे तंतू जाळले, तर काही महिन्यांत मेंदूच्या वरच्या भागात ते बऱ्याच अंशी पुन्हा उगवतात. उलट, ताण रोजचाच झाला की पेशी रसायन बनवणारे एन्झाइम वाढवतात. मग पुढचा छोटा धक्काही मोठा वाटतो. कायम सावध, दचकणारा माणूस ‘नाटक करतो’ असे घरच्यांनी म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे.

म्हातारपणाची चाहूल

जर्मन संशोधक हाइको ब्राक यांना मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत अल्झायमरशी संबंधित टाऊ प्रथिनाचे सुरुवातीचे डाग याच जागी आढळले, तेही कित्येकदा तरुण वयातल्या माणसांत. डाग दिसला म्हणजे आजार होणारच, असे नाही. पण विसरभोळेपणा दिसण्याच्या खूप आधी काहीतरी सुरू होते, हे यातून कळते. पार्किन्सनमध्येही याच पेशी मरतात.

या पेशींना विश्रांती मिळते ती झोपेत. स्वप्ने पडतात त्या झोपेत तर त्या जवळपास गप्प होतात. नैराश्यावरची व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिनसारखी औषधे दोन पेशींमधल्या जागेत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जास्त वेळ टिकवतात, पण गुण यायला काही आठवडे जातात. म्हणून आठ दिवसांत फरक पडला नाही किंवा बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. घरातले आजी-आजोबा नेहमीच्या वाटेवर चुकू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता एकदा डॉक्टरांना दाखवावे.