बाळंते बदलताना बाळ का रडते?



‘बाळंते’ हा शब्द आता शहरात फारसा ऐकू येत नाही. तरी आपल्या कानावर तो वर्षातून एकदा हमखास पडतो, नाताळच्या शास्त्रपाठात. गव्हाणीतल्या त्या बाळाला मरियेने सर्वांत आधी काय दिले, तर अंगाभोवती गुंडाळलेले उबदार फडके. सातपुड्याच्या पाड्यांवर नव्या बाळांना भेटायला जाताना मला त्या फडक्याची आठवण पुष्कळदा होते.

गेल्या नाताळात आपल्यापैकी काही मंडळ्यांनी पाड्यांवरील बाळांसाठी प्रेमाने भेटी पाठवल्या. त्यात लंगोट आणि दुपटी होती, तसेच पावडरचे डबे आणि तयार डायपरही होते. सोबतच्या एका चिठ्ठीत एका भगिनीने विचारले होते, “माझा नातू लंगोट बदलताना घर डोक्यावर घेतो. तिकडच्या आया हे कसे सांभाळतात? आणि आम्ही नेमके काय पाठवावे?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते. बाळ का रडते हे समजले, की काय पाठवावे हेही समजते.

रडण्याची कारणे

पहिले कारण थंडी. आपण अंघोळ करून ओल्या अंगाने वाऱ्यात उभे राहिलो तर कुडकुडतो, कारण अंगावरचे पाणी उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जाते. ओल्या लंगोटातल्या बाळाचे तेच होते. त्यातही बाळाच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी फार, चरबी कमी, आणि आपल्यासारखे कुडकुडून ऊब तयार करणे त्याला जमत नाही. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाला हे आणखी जड जाते. बाळाच्या अंगाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावे लागते. डिसेंबरात तोरणमाळच्या बाजूला कुडाच्या भिंतीतून वारा आत येतो, तेव्हा बाळाला दोन-तीन मिनिटे पूर्ण उघडे ठेवणे हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

दुसरे कारण पडण्याची भीती. नऊ महिने बाळ आईच्या पोटात चारी बाजूंनी आवळलेले असते. त्याला एकदम उताणे ठेवले, अंगावरचे सगळे काढले, डोक्याचा आधार सुटला, की ते दचकते. दोन्ही हात बाहेर फेकते, मग छातीशी ओढून घेते आणि रडू लागते. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञांच्या नावावरून डॉक्टर याला ‘मोरो प्रतिक्षेप’ म्हणतात. ही निरोगी बाळाची खूण आहे आणि चार-पाच महिन्यांत ती आपोआप जाते. बाळ हट्टी आहे किंवा त्याला कुणाची नजर लागली आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही.

तिसरे कारण पोटावर येणारा दाब. आपण घाईत दोन्ही पाय घोट्यांना धरून वर उचलतो. बाळ नुकतेच प्यायलेले असेल तर पोट दाबले जाते आणि दूध वर येते. नवजात बाळाच्या खुब्यांनाही ही ओढ चांगली नाही.

चौथे कारण जळजळ. शी आणि शू एकत्र बराच वेळ कातडीला लागून राहिली की कातडी लाल होते. मग हात लागला तरी झोंबते. आणि शेवटचे कारण साधेच, भूक. भुकेले बाळ कशानेच शांत होत नाही.

शांतपणे बदलण्याची रीत

आमच्या आरोग्य सेविका आयांना पुढील क्रम दाखवतात. तो आपल्या घरातल्या बाळालाही तितकाच उपयोगी पडेल.

बाळाला हात लावण्यापूर्वी सगळे जवळ घ्यावे: कोरडा लंगोट, कोरडे दुपटे, मऊ सुती फडक्याचे तुकडे, कोमट पाण्याची वाटी. बाळ उघडे टाकून लंगोट शोधायला उठावे लागले, की रडणे सुरू झालेच म्हणून समजा. बाळ खाटेवर असेल तर त्याला सोडून उठूच नये. जमिनीवर जाड गोधडी घालून बदलणे सर्वांत सुरक्षित.

हात साबणाने धुऊन, पुसून, एकमेकांवर चोळून गरम करावेत. कोरडा लंगोट आईने आधी थोडा वेळ पदराखाली अंगाशी धरला तर तोही कोमट होतो. याला पैसा लागत नाही, आणि फरक लगेच दिसतो.

मग बाळाशी बोलावे. पोटात असल्यापासून ते आईचा आवाज ओळखते. पावरी, भिली, मावची, जी घरची बोली असेल तिच्यात, हळू आवाजात. काय करतो आहोत तेच सांगितले तरी पुरे.

फक्त कमरेखालचा भाग उघडावा. टोपरे आणि झबले अंगावरच राहू द्यावे, छातीवर दुपटे असावे. एका हाताचा तळवा बाळाच्या छातीवर अलगद ठेवावा किंवा त्याचे दोन्ही हात छातीशी जुळवून धरावेत. आपल्याला कुणीतरी धरले आहे हे त्याला कळते आणि दचकणे कमी होते.

पाय वर ओढण्याऐवजी बाळाला अलगद एका कुशीवर वळवावे, मागची बाजू पुसावी, ओला लंगोट गुंडाळून काढावा, कोरडा खाली सरकवावा आणि पुन्हा उताणे करावे. पुसताना नेहमी पुढून मागे पुसावे, मुलींच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे, म्हणजे शीतले जंतू शूच्या जागी जात नाहीत. जांघेच्या वळ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्याव्यात, घासू नयेत. कातडी लाल असेल तर थोडे खोबरेल तेल लावावे आणि लंगोट अधिक वेळा बदलावा. पावडर लावू नये. ती हवेत उडून बाळाच्या श्वासात जाते.

लंगोट नाळेच्या खाली बांधावा. नाळ उघडी आणि कोरडी राहिली की आपोआप गळून पडते. तिच्यावर राख, हळद, तेल काहीही लावू नये. नाडी सैल असावी, दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत. गुंडाळतानाही पाय सरळ ताणून आवळू नयेत. बेडकासारखे दुमडलेले पाय हीच बाळाची नैसर्गिक ठेवण आहे.

शेवटी बाळाला उचलून छातीशी घ्यावे आणि पुन्हा एकदा हात धुवावेत. प्रत्येक वेळी हाच क्रम राहिला, तर काही दिवसांत बाळालाही पुढे काय होणार ते ठाऊक होते.

एक सावधगिरी. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. चुलीचा धूरही बाळाच्या छातीला वाईट. सर्वांत चांगली शेगडी म्हणजे आईची छाती.

पाड्यावरच्या आयांकडून शिकण्यासारखे

आपण शिकवायला जातो, पण शिकूनही येतो. पाड्यावरची आई बाळाला दिवसभर अंगाला बांधलेल्या फडक्यात बाळगते. काम करताना बाळ तिच्या उबेत असते. 1978 मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा शहरात, काचेच्या उबदार पेट्या पुरेनात तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जगभर ही पद्धत ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून मानली जाते. आमच्या आयांना जेव्हा मी हे सांगते तेव्हा त्या हसतात. “बाई, हे शिकायला डॉक्टर कशाला लागतो?” असे एका आजीने मला विचारले होते.

शांत बाळ आणि गप्प बाळ

आता जे सांगायचे आहे ते या लेखातले सर्वांत महत्त्वाचे.

दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत मी एका पाड्यावर गेले. पाच दिवसांची मुलगी, आईचे पहिलेच बाळ. आई कौतुकाने म्हणाली, “बाई, माझी पोर फार गुणी. लंगोट बदलला तरी रडत नाही.” मला आधी बरेच वाटले. मग मी लंगोट पाहिला. तो सकाळपासून कोरडाच होता. तळपायाला हात लावला, गार. पोटाला हात लावला, तेही गार. छातीला लावले तर ओढायची ताकद नव्हती.

ती पोर गुणी नव्हती, दमली होती. आम्ही तिला तिथेच आईच्या उघड्या छातीशी घेतले, वरून दोन गोधड्या गुंडाळल्या, आईचे दूध वाटीत काढून थोडे थोडे पाजले. बापाने आणि काकाने मायलेकींना झोळीतून उतारावरून रस्त्यापर्यंत आणले, तिथे 108 ची गाडी आली. नवजात बाळांच्या कक्षात ती नऊ दिवस होती. घरी आल्यावर मी भेटायला गेले, लंगोट सोडला आणि ती अशी किंचाळली की कुत्रीसुद्धा उठून बसली. आजीने डोळे पुसले. त्या दिवशी त्या रडण्यासाठी आम्ही देवाचे आभार मानले.

म्हणून आयांना आम्ही सांगतो, की लंगोट बदलण्याची वेळ ही बाळाला तपासण्याची वेळ आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत शी काळपट हिरवी असते, मग ती पिवळी होते. सहाव्या दिवसापासून दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक वेळा शू झाली तर दूध पुरते आहे. बाळ पीत नसेल, हात लावला तरी ढिले पडून राहत असेल, पोट आणि पाय गार लागत असतील किंवा अंग तापले असेल, मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास घेत असेल, झटके येत असतील, नाळेतून पू येत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील किंवा शी चुन्यासारखी पांढरी होत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. आशाताईला बोलवावे आणि दवाखाना गाठावा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई पहिल्या 42 दिवसांत सहा वेळा येते, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. त्या भेटी चुकवू नयेत.

तर मग काय पाठवावे?

तयार डायपर प्रवासात किंवा दवाखान्यात उपयोगी पडतो. पण पाड्यावर कचरागाडी येत नाही. वापरलेले डायपर नाल्यात जातात किंवा चुलीत जळतात. ते संपले की विकत घ्यायला मजुरीचे पैसे जातात. शिवाय ते ओलावा लपवतात, त्यामुळे बाळाने किती वेळा शू केली हे नव्या आईला मोजता येत नाही.

सुती लंगोटच आम्हाला हवेत, पण पुष्कळ. हिशेब असा. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. उन्हाळ्यात ते तासाभरात वाळतात आणि उन्हाने जंतूही मरतात. पावसाळ्यात सातपुड्यात दोन-दोन दिवस कपडा वाळत नाही. घरात सहाच लंगोट असतील तर आई नाइलाजाने दमट लंगोट बांधते, आणि बाळ रडते ते त्यामुळे. म्हणून एका बाळाला 24 लंगोट.

जुन्या सुती साड्या आणि धोतरे यांच्यासारखे मऊ कापड बाजारात मिळत नाही. नवे कापड असेल तर खळ निघेपर्यंत दोनदा धुवावे. त्रिकोणी लंगोट शिवावा, टोकांना कापडी नाडी लावावी. पिन, बटण, नायलॉनची लेस नको. सोबत चार दुपटी, दोन टोपरी, दोन पुढून उघडणारी झबली आणि साबणाची वडी द्यावी. झबले डोक्यातून घालावे लागले तर बाळ आणखी रडते.

महिला मंडळांनी शिवणाच्या बैठका घेतल्या तर येत्या पावसाळ्यापूर्वी हे गाठोडे तयार होऊ शकेल. शिवताना त्या बाळासाठी आणि त्याच्या आईसाठी प्रार्थना करा. आणि ज्या भगिनीने चिठ्ठी पाठवली तिच्या नातवासाठी एवढेच सांगते: आजी, हात गरम करा, घाई करू नका, आणि तो ओरडला तर वाईट वाटून घेऊ नका. ओरडायला त्याच्या अंगात बळ आहे.