पातळ टायरची ट्यूब : घ्यावी कशी, बसवावी कशी?

फजरनंतर सायकल घेऊन निघणारी मुले आता वसई-विरारमध्ये नवी राहिली नाहीत. कोणी अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे वळतो, कोणी वसईच्या किल्ल्याकडे, तर कोणी थेट अहमदाबाद महामार्गावर. जुन्या काळ्या सायकलीच्या जागी पातळ टायरची रोड बाईक आली; ट्यूब मात्र आपण अजून अंदाजानेच आणतो. शेजारून ट्रक जात असताना पुढच्या चाकाची हवा एकदम गेली तर काय होईल, याचा विचार आई-वडिलांनीही करायला हवा.

आधी टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. तिथे ७००×२५सी किंवा २५-६२२ असे लिहिलेले असते. २५ ही टायरची रुंदी आणि ६२२ हा टायर रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या २८ इंची सायकलीचा हाच व्यास ६३५ असतो. म्हणून दुकानात नुसते ‘२८ची ट्यूब द्या’ म्हणू नका. ट्यूबच्या खोक्यावर १८-२५ किंवा २५-३२ अशी रुंदी असते. आपल्या टायरचा आकडा त्यात बसला पाहिजे. मोठी ट्यूब आत दुमडते, लहान ट्यूब ताणून पातळ होते.

मग व्हॉल्व पाहा. रोड बाईकला बहुधा प्रेस्टा असतो : बारीक, टोकाला छोटा नट असलेला. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व म्हणजे श्रेडर. तो प्रेस्टाच्या भोकात जात नाही. रिम खोल असेल तर व्हॉल्वही लांब लागतो. रोजच्या वापराला साधी ब्यूटाइल ट्यूब पुरे. लॅटेक्सची हलकी असते, पण तिच्यात वरचेवर हवा भरावी लागते.

नवी ट्यूब घालण्याआधी जुनी का गेली ते शोधा. तिच्यात हवा भरून भोक पाहा आणि टायरची तीच जागा तपासा. शेजारी-शेजारी दोन भोके असतील, तर हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपली गेली. भोक रिमच्या बाजूला असेल, तर रिमवरची पट्टी सरकली का ते बघा. टायरच्या आतून जुने कापड फिरवा. बारीक तार किंवा काच त्यात अडकते. ती आत राहिली, तर नवी ट्यूबही त्याच दिवशी बसते.

आता ट्यूबमध्ये जेमतेम आकार येईल इतकी हवा भरा. व्हॉल्व भोकात घाला आणि ट्यूब टायरमध्ये सरळ बसवा. टायरची कड व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करून शेवट व्हॉल्वपाशी करा. शेवटचा भाग अंगठ्यांनी ढकला. पान्याने ट्यूब चिमटली जाते. व्हॉल्व आत दाबून परत ओढा, दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे अडकली नाही ना ते पाहा आणि मगच टायरवर लिहिलेल्या मर्यादेत हवा भरा.

हे काम मुलांइतकेच मुलींनाही शिकवा. आणि टायरमधून निघालेला काटा किंवा तार पुन्हा रस्त्यावर फेकू नका. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मागून येणाऱ्याचे चाकही आपल्याच चाकासारखे असते.