मनावरील सत्ता : लेखांक पाचवा
वशीकरणाचे वर्ग

मागील लेखांकात आपण 1784 साली पॅरिसमध्ये नेमलेल्या चौकशी समितीचा निवाडा पाहिला. मेस्मर या वैद्याने मांडलेला, संमोहनाची नांदी ठरलेला प्राणिज चुंबकत्वाचा दावा फ्रँकलिन, लाव्हाझिए प्रभृती सभासदांनी फेटाळला. परंतु त्याच वेळी राजास सादर केलेल्या एका गुप्त अहवालात, पुरुष चिकित्सक आणि स्त्री-रुग्ण यांच्या सान्निध्याचा गैरफायदा घेतला जाण्याचा धोकाही त्यांनी नमूद करून ठेवला. तोच धोका दोन शतकांनंतर अमेरिकेत राजरोस विक्रीस कसा निघाला, हे आज पाहावयाचे आहे.

फिनिक्स येथील मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन हे रुग्णास आज्ञा न करता, सहज गप्पागोष्टींच्या ओघात सूचना देऊन संमोहित करीत. 1970 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बँडलर आणि ग्राइंडर या जोडीने त्यांच्या भाषणपद्धतीची सूत्रे काढून ‘न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग’ नावाचे तंत्र उभारले. पुढे लॉस एंजेलिसच्या रॉस जेफ्रीजने हीच सामग्री उचलून स्त्रियांना वश करण्याचे वर्ग चालविले. आणि नील स्ट्रॉस यांच्या ‘द गेम’ या 2005 च्या पुस्तकामुळे ‘पिकअप आर्टिस्ट’ म्हणविणारा हा पंथ जगास ठाऊक झाला.

त्याची रीत अशी. “कुणाकुणाला पहिल्याच भेटीत एखाद्याची ओढ वाटू लागते, नाही?” असे तिऱ्हाइताविषयी बोलल्याच्या आविर्भावात म्हणावयाचे, आणि ‘ओढ वाटू लागते’ एवढ्याच शब्दांवर आवाज खाली आणून बोट नकळत स्वतःच्या छातीकडे वळवावयाचे, किंवा समोरची स्त्री एखादी सुखद आठवण सांगत असता तिच्या मनगटास स्पर्श करावयाचा, म्हणजे पुढे त्याच स्पर्शाने तेच सुख, परंतु या गृहस्थाच्या नावे, जागे होईल अशी अपेक्षा.

ही अपेक्षा शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1988 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगच्या परिणामकारकतेस आधार सापडला नाही. त्याहून बोधप्रद आहे तो मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांचा 1965 चा प्रयोग. संमोहित माणसे सांगितल्याबरोबर आम्लात हात घालण्यास तयार झाली खरी, परंतु संमोहनाचे केवळ सोंग करणारी माणसेही तेच करण्यास तयार झाली. कारण प्रयोगकर्ता आपणांस इजा होऊ देणार नाही, असा त्यांचा भरवसा होता. अर्थात, इच्छाशक्ती हिरावून घेणारी गूढ सत्ता संमोहनात नसून, समोरच्यावर विश्वास टाकण्याच्या आपल्या प्रवृत्तीतच माणसाच्या वश होण्याचे बरेचसे रहस्य आहे.

म्हणूनच मंत्र खोटा ठरला तरी या वर्गांचा अपराध हलका होत नाही. एरिक्सनकडे जाणारा रुग्ण स्वेच्छेने, उपचारासाठी जाई. येथे जिच्यावर प्रयोग चालतो तिला प्रयोगाची वार्ताही नसते. शिवाय या पंथात मंत्राच्या जोडीस हेटाळणीवजा स्तुतीने स्त्रीचा आत्मविश्वास डळमळीत करण्याची आणि तिच्या नकारास निव्वळ अडथळा मानून तो ओलांडण्याची शिकवणही दिली जाते, आणि भिडस्त माणसावर असला दबाव अनेकदा लागू पडतो. अशा वर्गाकडे वळणारा तरुण पुष्कळदा दुष्ट नसतो, एकाकी आणि बुजरा असतो, हे मी जाणतो. त्याच्या घरच्यांस माझी विनंती आहे की, त्याची थट्टा न करता त्याच्याशी बोला. आणि ज्या मुलीला असल्या संभाषणात अवघडल्यासारखे वाटेल, तिने कारण देत न बसता तेथून खुशाल उठून जावे.